एका शब्दात सांगा, हाल्मोनी

रविवारी प्रणयचा फोन आला नाही. सोमवारीही आला नाही, आणि मोनालीने केला तर मोबाईल बंद. मंगळवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर मुक्ताबाई तिथंच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "मोने, तुझ्याकडं त्या म्हातारीचा नंबर हाय ना गं?"

नंबर होता. प्रणय पीएच.डी.साठी कोरियाला गेला, ते तिकडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान गावात. खाली एक म्हातारी घरमालकीण आणि वरच्या खोलीत हा. एकदा त्याचा मोबाईल पाण्यात पडला, तेव्हा त्याने म्हातारीच्या फोनवरून गारखेड्याला घरी ख्यालीखुशाली कळवली होती. तो नंबर मोनालीने ठेवून दिला होता.

"पण आई, तिला कोरियन सोडून काहीच येत नाही."

"तुला येतंय की. रोज त्याच्यासंगं बोलत व्हतीस."

मोनाली चिकलठाण्याच्या एका कंपनीत डिस्पॅचला होती. प्रणयपेक्षा चार वर्षांनी मोठी. प्रयोगशाळेत प्रणयचं इंग्रजीवर भागायचं, पण बाहेर पडला की तो मुका. पाण्याची म्हणून व्हिनेगरची बाटली आणली आणि घोटभर पिऊन बसला, तेव्हापासून त्याने भाषेचं मनावर घेतलं. दिवसभरात जे शिकेल ते संध्याकाळी बहिणीला शिकवायचं. "ताई, दुसऱ्याला शिकवलं की आपल्या डोक्यात बसतं," म्हणायचा. म्हणून मोनालीला हे कितीला, संडास कुठंय, तिखट कमी करा, एवढं येत होतं. इस्सोयो म्हणजे आहे. ऑप्सोयो म्हणजे नाही. पाणी असो, पैसा असो, माणूस असो, सगळ्याला हेच दोन शब्द.

तिने फोन लावला. खूप वेळाने कुणीतरी उचलला.

"योबोसेयो? हाल्मोनी?" हाल्मोनी म्हणजे आजी. "प्रणय इस्सोयो?"

पलीकडून एकदम लोंढाच आला. म्हातारीचा आवाज मोठा, शब्दाला शब्द चिकटलेले, आणि मोनालीला शिकवलेल्या कोरियनशी त्याचा काही संबंध लागेना. त्यातून फक्त एक शब्द तिने पकडला, कारण तो म्हातारीने दोनदा म्हटला. ऑप्ता. ऑप्ता. म्हणजे ऑप्सोयोच, नाही. मग फोन कटला.

"काय म्हणली?" मुक्ताबाई तिच्या तोंडाकडेच बघत होत्या.

"घरी नाय म्हणती."

'घरी' हा शब्द म्हातारीने उच्चारला होता का, हे मोनालीला सांगता आलं नसतं. तिने तो आपल्या पदरचा घातला होता. खिडकीपाशी तिचे वडील कडुबा बसले होते, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, मुळातच कमी बोलणारे. त्यांनी मान वर करून पोरीकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

दुसऱ्यांदा लावताना तिने कडुबांचा मोबाईल भाषांतराचं अ‍ॅप उघडून शेजारी धरला. म्हातारी बोलली. अ‍ॅपने लिहिलं, 'जिना थंड आहे, मुळा गेला.' मोनालीने परत बोलायला लावलं, तर अ‍ॅपने 'माफ करा' म्हणून हात टेकले. प्रणयने सांगितलंच होतं, आजीची बोली लई गावठी हाय, वर्गात शिकवतात त्यातलं काहीच तिच्याकडं चालत नाय.

मग जे जे सुचेल ते तिने केलं. विद्यापीठाच्या ऑफिसात रेकॉर्ड केलेला आवाज वाजत राहिला. तिकडे त्यांच्या चांद्र नववर्षाची सुट्टी होती. प्रणयच्या ओळखीतल्या ज्या एका पोराला तिने मेसेज टाकले, तोही गावी गेलेला, एकही मेसेज उघडला नव्हता. तिथल्या भारतीय दूतावासातल्या माणसाने नाव-पत्ता घेतला आणि थांबा म्हणाला. शेंद्र्याला एका कारखान्यात कोरियन साहेब आहेत असं ऐकून ती रिक्षा करून तिथं गेली. गेटवरच्या वॉचमनने तिचं सगळं ऐकून घेतलं. बिचारा हळहळला.

"ताई, एकबी साहेब नाय इथं. सण हाय ना त्यांचा. समदे गेले मायदेशी. सोमवारच्याला या."

सोमवार. रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुरळ्यात मोनाली उभी राहिली आणि तिला वाटलं, आपण इथंच खाली बसावं. घरी जाऊन आईला काय सांगायचं? रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

परतीच्या वाटेवर तिच्या मनात एक गोष्ट आली. आपल्याला विचारता येतंय, अडतंय ते उत्तरापाशी. तेव्हा असं विचारायचं की उत्तर 'हो' किंवा 'नाही'च्या पलीकडे जाताच कामा नये. ने म्हणजे हो. आनियो म्हणजे नाही. एवढं तर समजेल.

घरी येऊन ती मोबाईलवर वाक्यं जुळवायला बसली. शिकवणीच्या व्हिडिओंत कॉफी मागायची होती, बस विचारायची होती, हवामान चांगलं आहे म्हणायचं होतं. माणूस जिवंत आहे का, हे त्यांपैकी कुणी शिकवलं नव्हतं. तिने शब्दकोशातून 'सारा', म्हणजे जिवंत, काढला आणि त्याला आपला 'इस्सोयो' जोडला. सारा इस्सोयो. मनातल्या मनात म्हणून पाहिलं. तोंडाने म्हणवेना.

"ह्याचा अर्थ काय?" मोबाईलवरच्या त्या शब्दांवर बोट ठेवून मुक्ताबाईंनी विचारलं.

"बरा आहे का, असा."

"मग लाव की फोन."

फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. तिने परत लावला, परत लावला. मुक्ताबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. कितव्या वेळी कोण जाणे, म्हातारीने उचलला.

"हाल्मोनी, मी प्रणय नूना." नूना म्हणजे भावाची मोठी बहीण. बाकीचं घाईत मराठीतच निघालं.

पलीकडून हलक्या आवाजात, "नूना?"

"ने. नूना. हाल्मोनी, छॉनछॉन्ही." सावकाश. "ने, आनियो. ने, आनियो मान." फक्त हो किंवा नाही. आणि मग तिने डोळे मिटले आणि ते विचारलं. "प्रणय सारा इस्सोयो?"

उत्तर यायला लागला तो वेळ मोनाली पुढे कुणालाच नीट सांगू शकली नाही.

"इत्ता!" म्हातारी ओरडली. "सारा इत्ता! इत्ता!"

इत्ता. इस्सोयोचंच मूळ रूप, शब्दकोशातलं. आहे. मोनालीच्या तोंडून हुंदका फुटला आणि मुक्ताबाईंनी त्याचा उलटाच अर्थ घेतला. त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी कपाळ बडवून घेतलं.

"आई, आई! जिता हाय तो! जिता हाय म्हणती!"

"मग रडतीस कशाला गं माझे बाई!" असं म्हणत मुक्ताबाई स्वतःच मोठ्याने रडू लागल्या.

मोनालीने एका हाताने आईला धरलं. "ब्योंगवॉन?" दवाखाना?

"ने, ब्योंगवॉन. सुसुल."

सुसुल तिला ठाऊक नव्हता. तिने तो एकटा शब्द अ‍ॅपला ऐकवला, आणि या वेळी अ‍ॅपला समजला. शस्त्रक्रिया. कशाची? हा प्रश्न ने-आनियोत बसत नव्हता. मग तिने शरीराचे अवयव एकेक करून विचारायला घेतले, व्हिडिओत लहान पोरांना शिकवतात तसे.

"मोरी?" डोकं.

"आनी."

"कासुम?" छाती.

"आनी, आनी."

"बे?" पोट.

"ने! बे! बे!"

दवाखान्याचं नाव म्हातारीने तिला पाच-सहा वेळा तरी म्हणून दाखवलं. मोनालीने ते ऐकू आलं तसं दूतावासाला कळवलं, आणि दुपार कलायच्या आत त्या माणसाचा उलटा फोन आला. अपेंडिक्स फुटलं होतं. शनिवारी रात्री उशिरा म्हातारीला तो जिन्यात पडलेला सापडला, आणि शेजाऱ्यांना हाका मारून तिनेच त्याला दवाखान्यात नेलं. पू पोटभर पसरला होता. ऑपरेशन झालंय, पण शुद्धीवर नाही, श्वास मशीनवर आहे. पुढचं डॉक्टर आत्ताच सांगू शकत नाहीत.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. व्हिसाची धावपळ चालली होती आणि व्हिसा येत नव्हता. मोनाली कामावर जाईना. रोज सकाळी म्हातारी दवाखान्यात जाऊन यायची आणि मोनाली तिला फोन करायची. डोळे उघडले? आनी. बोलला? आनी. ताप? ने. मुक्ताबाई जेवणाच्या ताटावर बसायच्या आणि तशाच उठायच्या. कडुबा दर सकाळी लांब हर्सूल तलावापर्यंत जायचे. कशाला, हे त्यांना कुणी विचारलं नाही. एका सकाळी म्हातारीने ने किंवा आनी काहीच म्हटलं नाही, नुसतीच रडली. नंतर कळलं की आदल्या रात्री त्याचं पोट दुसऱ्यांदा उघडावं लागलं होतं.

आणि मग एका दुपारी म्हातारीचा स्वतःहून फोन आला. स्क्रीनवर तिचं नाव मोनालीने वाचलं. तिला उचलता येईना. शेवटी कडुबांनी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि कानाला लावला.

आधी म्हातारीचा आवाज, मग कपड्यांची खसफस, मग कुणाचा तरी धापा टाकणारा श्वास.

"बाबा," पलीकडून घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात कुणी म्हणालं. "जयभीम."

कडुबांनी मोबाईल मुक्ताबाईंच्या कानाला लावला आणि भिंतीला धरून सावकाश खाली बसले.