अर्धं नाव

“पद्मे, लेकराला हाक मारशील ती पूर्ण नावानं. गावानं आपल्या माणसांची नावं तोडून वापरली. आता घरातल्यांनी तोडू नका.”

पद्मिनीबाईंच्या आईनं हे सांगितलं तेव्हा बाळ पाळण्यात होतं. आईचं नाव राधा, पण गावानं जन्मभर ‘राधी’च म्हटलं. तिचे वडील ईश्वर, त्यांना ‘इश्र्या’. धम्मदीक्षेनंतर नागपुरात जन्मलेल्या पहिल्या नातवाचं नाव तिनं स्वतः निवडलं, बुद्धभूषण. पद्मिनीबाईंनी ते कधी तोडलं नाही. गल्लीतली पोरं ‘ए भूषण्या’ म्हणून ओरडली की त्या दारात येऊन हळूच म्हणत, “बुद्धभूषण जेवतोय.”

पुढे तो इंजिनियर होऊन टेक्सासला गेला, ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये घर केलं. पहिल्यांदाच त्याच्याकडे आलेल्या पद्मिनीबाईंनी एकदा फोन उचलला. पलीकडून कुणीतरी ‘बड’ मागितला. त्यांनी “राँग नंबर” म्हणून फोन ठेवला. सून अपर्णा हसत सुटली.

“अहो आई, बड म्हणजे हेच! ऑफिसात सगळे तसंच म्हणतात.”

बुद्धाचंच लहान रूप असणार, असं पद्मिनीबाईंनी धरलं. तोडलेलं होतं, पण वाईट वाटेना. उलट सकाळी मेणबत्ती लावून पंचशील घेताना त्यांच्या मनात येई, परक्या मुलखात लोक दिवसभर बुद्धाचं नाव घेतात, हे काय कमी आहे? आई आज असती, तर तिनंही हे तोडणं चालवून घेतलं असतं.

चार जुलैच्या सुट्टीत बुद्धभूषणच्या साहेबानं, कार्लनं, त्यांना आपल्या गावी बोलावलं. फ्रेडरिक्सबर्ग. चार तासांचा रस्ता. नेमकी आषाढ पौर्णिमा होती, पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या वर्षावासाचा पहिला दिवस. पद्मिनीबाई पहाटेच वंदना आटोपून गाडीत बसल्या. मागच्या सीटवर नात केया कानाला वॉकमन लावून झोपली.

गाव जर्मन लोकांनी वसवलेलं. मुख्य रस्ता ऐसपैस, दगडी घरं, पाट्यांवर न वाचता येणारी लांबलचक नावं. जिकडेतिकडे पीचच्या पेट्या आणि वाइन चाखायला बोलावणारी दुकानं. पद्मिनीबाई काचेतून बघत राहिल्या. दारूची दुकानं एवढी स्वच्छ असतात हे त्यांना माहीत नव्हतं.

कार्लची आई इर्मा मागच्या गल्लीतल्या इवल्याशा घरात राहायची. पूर्वी लांबच्या शेतांवरचे लोक शनिवारी गाडी जुंपून इथं यायचे, बाजार करायचे, रविवारी चर्चला जाऊन परत फिरायचे. तेवढ्यासाठी बांधलेलं घर, म्हणून त्याला नावच ‘रविवारचं घर’. हे अपर्णानं मराठीत सांगितलं. प्रार्थनेसाठी वेगळं घर बांधलं, हे पद्मिनीबाईंना फार आवडलं.

इर्माबाई ऐंशीच्या पुढच्या, काटक. ओढ्याकाठच्या रानटी द्राक्षांची वाइन त्या घरीच करत. ओसरीवर बसल्याबसल्या त्यांनी ग्लास भरले. पद्मिनीबाईंनी हात जोडले. “माझं शील आहे. पाचवं, मद्य न घेण्याचं.”

अपर्णानं ते इंग्रजीत सांगितलं. इर्माबाईंनी मान डोलावली, ग्लास बाजूला सारला आणि त्याच द्राक्षांचा जॅम पावावर लावून दिला. आंबट होता, जिभेला ओढ देणारा. पद्मिनीबाईंनी आवडीनं खाल्ला.

मग कार्लनं बर्फाच्या पेटीतून एक कॅन काढून बुद्धभूषणपुढे धरला. त्यानं नको म्हटलं. कार्ल मांडीवर थाप मारून मोठ्यांदा काहीतरी बोलला. अपर्णा हसली, आणि हसता हसता थांबली.

“काय म्हणाले गं?”

“काही नाही आई. जोक आहे ऑफिसातला.”

केयाला मात्र राहवेना. “आज्जी, he said, he’s a Bud who won’t drink a Bud! See?” तिनं कॅन उचलून आजीच्या हातात दिला. “It’s beer. बाबांचं नाव.”

कॅन गार होता. पद्मिनीबाईंना इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. पहिली तीन वाचून झाल्यावर त्यांनी तो पदरानं पुसला आणि परत पेटीत ठेवला. बुद्धभूषण अंगणातल्या पीचच्या झाडाकडे बघत होता.

इर्माबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी अपर्णाकरवी विचारलं, “तुम्ही त्याला काय म्हणता?”

“बुद्धभूषण.”

“बूडा... बू...” त्या अडखळल्या, हसल्या. “मी इर्मगार्ड. पहिल्या महायुद्धाच्या वेळी शाळेत जर्मन नाव चालेना. बाईंनी इर्मा केलं. मला काही वाटलं नाही हो, सोपं पडतं. फक्त आई पूर्ण नावानं हाक मारायची. ती गेली, मग ते नाव घेणारं कुणी उरलं नाही, एवढंच.” आणि त्या जॅमची दुसरी बाटली आणायला आत गेल्या.

परतीच्या रस्त्यावर बुद्धभूषणच म्हणाला, “आई, इंटरव्ह्यूला त्यांना जमेना गं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा मीच म्हटलं, कॉल मी बड. तेलाच्या कंपन्यांत आज आहे, उद्या नाही. ज्याचं नाव घेता येत नाही, त्याला आधी काढतात.”

“बिअरचं आहे, हे तेव्हा माहीत होतं तुला?”

“...नंतर कळलं. मग बदलायचं कसं?”

“मला तर वाटलं होतं, बुद्धाचं आहे.”

अपर्णानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

पद्मिनीबाई हिशेब करत होत्या, रागाचा नव्हे. अपर्णा त्याला ‘अहो’ म्हणते. केया ‘बाबा’. ऑफिस ‘बड’. वर्षावास संपला की आपण नागपूरला. त्या हळूच म्हणाल्या, “मी गेले की तुझं नाव कोण घेईल रे?”

बुद्धभूषणनं गाडीचा वेग कमी केला.

“मंगळवारी ऑफिस उघडतंय. सांगतो मी त्यांना.”

“जमणार असेल तरच बोल. चौथं शील खोटं न बोलण्याचंच आहे.”

“सांगतो म्हटलं ना, आई.”

त्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. सोमवारी सगळ्यांनी पीच खाल्ले, केयानं फुलबाज्या लावल्या.

मंगळवारी सकाळी पद्मिनीबाई वंदनेला बसल्या होत्या. पाचवं शील म्हणताना जिभेवर द्राक्षांचा आंबटपणा आठवला. डोळे उघडले तेव्हा बुद्धभूषण स्वयंपाकघरात उभा होता. ऑफिसातून मिळालेला त्याचा कॉफीचा मग, मोठ्या लाल अक्षरांत ‘बड’ लिहिलेला, रोज बॅगेत जायचा. आज तो ओट्यावरच होता, पालथा.

“येतो,” एवढंच तो म्हणाला.

खिडकीतून दिसलं, तो गाडीत बसला, पण गाडी लगेच निघाली नाही. त्याचे ओठ हलत होते. नवख्या माणसाला सांगावं तसं, सावकाश, तोडून, मग जोडून. बुद्ध. भूषण. बुद्धभूषण.

मग त्यानं गाडी मागे घेतली आणि रस्त्याला लागला.