पार्किंगचा सराव

गाडी शिकवताना मी ओरडते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची तीच जाहिरात. "मास्तरीणबाई तोंडाच्या फटकळ, पण शिकवतात झकास," असं म्हणून लोक आपल्या बायका-मुलींना माझ्याकडे पाठवतात. त्यामुळे एक गृहस्थ ऑफिसात येऊन खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "हिच्यावर बिनधास्त ओरडा हं, त्याशिवाय हिच्या डोक्यात काही शिरत नाही," तेव्हा खरं तर मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. त्यांची बायको शेजारी उभी होती आणि दुसरी खुर्ची रिकामी होती.

"बसा की," मी तिला म्हटलं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बसली.

"आधी कधी गाडीला हात लावलाय?" मी तिला विचारलं. "छे हो, हिला सायकलसुद्धा येत नाही," नवरा म्हणाला. वेळ कुठली जमेल, तेही त्यानेच सांगितलं: दुपारी, मुलीची शाळा सुटायच्या आधी. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला व्यायामाला न्यायचं होतं आणि त्याच्या रजा संपल्या होत्या. "नाहीतर हिच्या हातात गाडी देतंय कोण!" असं म्हणून तो एकटाच हसला.

पहिल्या दिवशी तो मागच्या सीटवर बसला. "क्लच! अगं क्लच! डोळे कुठे आहेत?" मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि त्याला म्हटलं, "उतरा."

"अहो, मी फक्त..."

"एका गाडीत दोन मास्तर मी चालवून घेत नाही. उतरा आणि पाय मोकळे करून या."

उतरला बिचारा. पण उतरता उतरता तिचा फोन समोरच्या काचेपाशी ठेवून गेला. "लोकेशन चालू ठेवलंय," म्हणाला. "काळजी वाटते हो."

शिकायला ती चटपटीत होती. तिसऱ्या गिअरचं कोडं लोकांना आठवडाभर सुटत नाही, तिला लगेच सुटलं. फक्त प्रत्येक गोष्ट विचारायची. बाई, वळू का? बाई, दुसरा टाकू का? बाई, हॉर्न वाजवू का? "अगं, समोर कुत्रं झोपलंय, ते काय परवानगी द्यायला उठणार आहे? वाजव!" मला सगळ्यांना नावं ठेवायची खोड आहे. एकाचं हॉर्नसम्राट, एकीचं झोपाळू. हिचं मी परवानगीबाई ठेवलं. तीही हसायची.

मग एकदा भर चौकात तिचा फोन वाजला आणि तिने उजवीकडे वळता वळता स्टिअरिंग सोडून तो उचलला. समोरून बस येत होती. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो म्हणून आज हे सांगायला मी जिवंत आहे. बसवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गाडी कडेला लावून मी तोंड सोडलं, "अगं, फोन नाही उचलला तर काय आभाळ कोसळतं?"

ती हळूच म्हणाली, "उचलला नाही की घरी गेल्यावर..." आणि थांबली. मग घाईघाईने, "नाही हं, ते मारत-बिरत नाहीत."

मी मारण्याचं विचारलंच नव्हतं.

पुढे तिने थोडं थोडं सांगितलं, समोरच्या रस्त्याकडे बघत. गाडी चालवताना माणूस बोलतो, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही ना. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. बहिणीशी फोनवर बोलायचं ते स्पीकरवर. चूक झाली की तो अबोला धरतो, आणि तो सुटेपर्यंत मुलीनेही आईशी बोलायचं नाही. "सात वर्षांची आहे, बाई. आता अबोला नसला तरी माझ्याशी बोलायच्या आधी बाबांच्या तोंडाकडे बघते," ती म्हणाली. "माझं तर झालं जे व्हायचं ते. पण ही माझ्या हातातून चाललीय."

त्या दिवसापासून परवानगीबाई हे नाव मी बंद केलं.

आता मी ज्या गल्लीत पार्किंग शिकवते, तिथे रंगाच्या दुकानावर एक पाटी आहे, महिला सल्ला केंद्र. वर्षानुवर्षं त्या पाटीखाली मी लोकांना रिव्हर्स घ्यायला लावतेय, पण जिना कधी चढले नव्हते. दुसऱ्या दिवशी तणतणत चढले. टेबलामागे एक ताई बसल्या होत्या. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "न मारता छळतात, त्याला काही इलाज आहे का? नसेल तर तसं सांगा, मी स्वतःच जाऊन त्याची खरडपट्टी काढते."

"इलाज आहे. कायदाही आहे," ताई म्हणाल्या. "पण त्याला जाब विचारायला जाऊ नका. तुम्ही बोलून तुमच्या घरी जाल. ती त्याच्या घरी जाईल."

मी खुर्चीत बसले. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तिला इथे आणा," त्या म्हणाल्या. "ओढून नको. दार दाखवा, यायचं की नाही ते तिला ठरवू दे. आजवर सगळं दुसऱ्यानेच ठरवलंय."

पुढच्या वेळी मी तिला पाटीखाली गाडी लावायला सांगितली. तिने एका दमात लावली, फुटपाथला समांतर, बघत राहावं अशी. मी म्हटलं, "वर एक ताई बसतात. जायचं असेल तर जा. फोन माझ्याकडे दे. वाजला तर सांगते, पार्किंग चालू आहे, हात मोकळे नाहीत."

ती गेली नाही. त्यानंतर एकदा पहिल्या पायरीपर्यंत गेली आणि परत आली. माझ्या स्वभावाला हे म्हणजे उपासच! दातओठ खाल्ले, पण बोलले नाही. मग एका दुपारी तिने स्वतःहून फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि जिना चढली.

खाली आली तेव्हा डोळे लाल होते, पण चाल वेगळी होती. "ताईंनी विचारलं, घरात शिरताना आधी काय बघतेस," ती म्हणाली. "मी म्हटलं, त्यांचे बूट. बूट दिसले की पाऊल न वाजवता आत जाते. त्या म्हणाल्या, याला नाव आहे. छळ. मला इतकी वर्षं वाटायचं, माझाच स्वभाव भित्रा."

"भित्री? तू?" मी म्हटलं. "माझ्या शेजारी बसून गाडी शिकलीस. पुरुष रडलेत त्या सीटवर."

त्यानंतर आम्ही फक्त पार्किंगच शिकलो. ती वर, मी खाली. फोन वाजायचा. "काय हो मास्तरीणबाई, आमच्या हिला अजून पार्किंग जमेना?" मी मधाळ आवाजात सांगायची, "नाही ना हो, काहींना वेळ लागतो." तो खूश व्हायचा. "डोकंच नाही तिला. घ्या, अजून घ्या तास." बायको बावळट आहे यावर त्याचा इतका विश्वास, की लोकेशन रोज त्याच गल्लीत अडकलेलं बघून त्याला शंका नाही, उलट समाधान वाटायचं. असल्या माणसाला मी का सुधारू?

वर सगळं शांतपणे जुळत होतं. वकील ठरली. चार दिवस राहायची जागा ठरली, नंतर बहिणीकडे. ताई शाळेच्या बाईंशीही बोलून आल्या. तिचा एकच खोडा होता, "सासूबाईंना व्यायामाला कोण नेणार?" मी म्हटलं, "त्यांना मुलगा आहे. परमेश्वराने पायही दिलेत त्याला."

पुढचं आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. कोर्टाने त्याला तिच्यापासून लांब राहायला सांगितलं, ती बहिणीच्या गावी आहे आणि लायसन्स पहिल्याच फटक्यात मिळालंय. तो माझ्या ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटून गेला. "तिला पार्किंगसुद्धा येत नाही, ती जाणार कुठे?" मी म्हटलं, "मी फक्त गाडी शिकवते." तेवढ्यावर थांबणं मला फार जड गेलं.

पण ती घर सोडून निघाली, तो दिवस सांगायचा राहिला. त्या आठवड्यात घरात अबोला चालू होता, कारण काय तर पार्किंग अजून जमत नाही. ती आली, फोन आमच्या ह्यांच्या हातात दिला, आणि आमचे हे स्कूलची दुसरी गाडी घेऊन नेहमीच्या गल्ल्यांतून गोल गोल फिरायला निघाले. जन्मात पहिल्यांदा त्यांना मी सांगितलेलं काम आवडलं असावं, शीळ घालत गेले. आम्ही दोघी शाळेकडे. स्टिअरिंग तिच्या हातात होतं आणि माझे पाय ब्रेकवरून मी मुद्दाम मागे घेतले होते.

मुलगी दप्तर सांभाळत येऊन मागे बसली. आईकडे बघितलं नाही. गाडी निघाली. बाजार मागे पडला, त्यांच्या घराचं वळण आलं, आणि तिने ते सरळ ओलांडलं. मुलगी खिडकीतून वळून बघत राहिली. मग माझ्या खांद्याला बोट लावून म्हणाली, "काकू, आईला सांगा, मला तहान लागलीय."



"बाटली तुझ्या पायाशी आहे, पिल्लू," आई म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "आणि आता मला स्वतःच सांगायचं."

"पण बाबांनी..."

"माहितीये. आपण त्या घरी जात नाही आहोत. आता तुला हवं तेव्हा माझ्याशी बोलायचं."

मुलगी पाणी प्यायली. झाकण लावलं. मी आरशात बघायचं टाळत होते.

"आई," ती म्हणाली.

"काय गं?"

"काही नाही. नुसतं म्हणून बघितलं."