शुद्ध केलेली जमीन

बंद बॅटरी कारखान्याच्या आवारात त्या रविवारी सकाळी एवढी माणसं जमली होती, की मागच्या रांगांतले वडीलधारेसुद्धा खुर्च्यांवर उभे राहिले होते. मंचावर पाण्याने भरलेली काचेची बरणी होती. पांढऱ्या कपड्यांतल्या बाबांनी तिथलीच चिमूटभर माती तिच्यात टाकली आणि एका कुपीतले थेंब सोडले. पाणी काळपट तांबडं झालं.

"बघा, जमीन विष ओकतेय," बाबा म्हणाले. "पस्तीस वर्षं कारखान्यानं हिला छळलं. ती रुसली आहे. तिची समजूत काढायची, एवढंच माझं काम."

मग टोकाला कापड गुंडाळलेला तांब्याचा दंड त्यांनी पाण्यात फिरवला. पाणी निवळत गेलं, पार काचेसारखं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पस्तीस वर्षांचा रुसवा अर्ध्या मिनिटात गेलेला पाहून बिल्डरचा माणूस डोळे टिपत होता.

या लोकांना वेडं म्हणू नका. याच लोकांनी दोन वर्षं इथं होऊ घातलेल्या इमारतींना विरोध केला होता. जमिनीत शिसं असल्याचा तपासणी अहवाल त्यांच्याकडे होता. माझा धाकटा भाऊ त्यांच्या विरोध समितीचा प्रमुख. दारोदार फिरून सह्या त्यानंच गोळा केल्या. त्याचं घर कुंपणाला लागून, म्हणून भावजय खिडक्या कायम बंद ठेवायची आणि दिवसातून तीनदा ओल्या फडक्यानं धूळ पुसायची. माणसं लढून दमली होती. भीती संपली असं कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पहिल्या रांगेत होते. कुपी उघडली तेव्हा ओळखीचा वास आला, जखमेला लावायच्या आयोडीनचा.

परतताना मी भावाला म्हटलं, "मला हे काही पटलं नाही रे. त्या थेंबांना..."

"ताई," तो मध्येच म्हणाला, "दोन वर्षांनी माझी बायको आज खिडकी उघडणार आहे. तुझ्या शाळेतल्या बाटल्या आजचा दिवस बाजूला ठेव."

मी ठेवल्या. तो आजचा दिवस सात महिने चालला.

समितीनं विरोध मागे घेतला. लोकांचा भरवसा बसावा म्हणून बिल्डरनं आवाराच्या एका कोपऱ्यात मुलांसाठी बाग केली, तिथल्याच मातीची. भावाची चार वर्षांची चिंगी रोज संध्याकाळी तिथं स्वयंपाक मांडायची. मातीचा चहा व्हायचा. "आत्या, गोड झालाय का बघ," म्हणत आधी स्वतः चाखायची.

मग तिचं पोट दुखायला लागलं. भूक मेली. घडाघडा बोलणारी पोर वाक्याच्या मध्ये थांबून शब्द शोधायला लागली. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. शिसं.

"पूर्ण बरी होईल ना?" भावानं विचारलं.

"रक्तातलं शिसं औषधानं कमी करता येईल," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मेंदूचं जे नुकसान झालंय, ते किती भरून येईल हे मला सांगता येणार नाही."

त्याच आठवड्यात बाबा पुन्हा आले, जमिनीच्या दुसऱ्या तुकड्याची समजूत काढायला. कुपीतले थेंब बरणीत पडले, पाणी काळवंडलं, आणि मी मंचावर चढले. माझ्या हातात घरच्या पिण्याच्या पाण्याची बाटली होती.

"बाबा, यात माती नाही. या पाण्यातही थेंब टाका."

"अश्रद्ध हातांच्या पाण्यात शक्ती उतरत नाही," बाबा म्हणाले.

"मग मी टाकते." मी माझ्याजवळच्या आयोडीनचे थेंब टाकले. पाणी तसंच तांबडं झालं. "हे आम्ही रोज पितो. यात कुठलं विष आलं?"

मग मी शाळेतून आणलेलं कापड त्यात बुडवलं. पाणी निवळलं. "हे कापड हायपोच्या पाण्यात भिजवलंय. फोटो धुताना वापरतात, ते पांढरे खडे. हायपोनं आयोडीनचा रंग जातो. बाबांच्या दंडाला तेच कापड आहे. रंग त्यांनीच आणला, त्यांनीच घालवला. शिशाला ना रंग, ना वास. ते जिथल्या तिथं आहे."

मी बागेतल्या मातीचा, तातडीनं करून घेतलेला नवा अहवाल वाचून दाखवला. शिशाचं प्रमाण पूर्वीइतकंच होतं. गर्दीतल्या बायकांनी आपापल्या मुलांचे हात उचलून बोटं पाहिली. बिल्डरचा माणूस मागच्या फाटकानं निघून गेला.

भाऊ मंचाशी आला. "हे तुला त्या दिवशीच कळलं होतं?"

"संशय आला होता."

"मग सांगितलं का नाहीस, ताई?"

"तू खुशीत होतास," मी म्हटलं. एवढंच खरं उत्तर माझ्याकडे होतं.

तो वळून घराकडे निघाला. त्यानंतर आजतागायत माझ्याशी फारसं बोललेला नाही. बांधकाम थांबलंय, बागेला कुलूप आहे, बाबांवर खटला चालू आहे. चिंगी सहा वर्षांची झाली. परवा मला हाक मारताना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं नुसताच माझा पदर ओढला.

कुणी तुमच्यासमोर पाणी निवळून दाखवलं, तर त्यात काय टाकलं ते विचारा. माती प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल येईपर्यंत मुलांना तिथं सोडू नका. आणि संशय आला, तर त्याच दिवशी बोला. घरातलं माणूस दुखावलं तरी बोला. त्याची समजूत पुढे कधीतरी काढता येते.