बिननावाचं उत्तर

"बटन तू दाब. मी तोंडानं सांगतो," शांतवन म्हणाले आणि त्यांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

सुवार्ताने खुर्ची पुढे ओढली. शाहूपुरीतल्या त्या सायबर कॅफेत ती ऑपरेटर होती. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसायचं, म्हणून मालकाने तेवढा वेळ तिला तिच्या कामासाठी दिला होता. ते दोन हजार सातचं साल. पुण्याच्या एका सेमिनरीतून ती टपालाने धर्मशिक्षणाची पदविका करत होती आणि प्रबंधाला तिने विषय घेतला होता, मराठी ख्रिस्ती माणूस त्रैक्याविषयी मनातून काय मानतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तीन असून एकच देव, हे प्रत्येकाकडून लहानपणीच पाठ करून घेतलेलं असतं. पण पाठ असणं वेगळं आणि मानणं वेगळं. म्हणून तिने इंटरनेटवर पाहणी उघडली होती. सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपले नाव विचारले जाणार नाही.'

मुंबई-पुण्याची, आखातातली माणसं घरबसल्या उत्तरं देत होती. काहींच्या पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसायचे, मग ती तेच प्रश्न इंग्रजी लिपीत पाठवायची. तिच्या स्वतःच्या मंडळीतल्या, म्हणजे तिच्या चर्चमधल्या, म्हाताऱ्यांना मात्र यातलं काही येत नव्हतं. ते उपासना संपली की कॅफेत यायचे.

आज वडिलांची पाळी होती. शांतवन चोपडे यांचं आयुष्य कोडोलीच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडरकी करण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर ते कोल्हापुरात आले आणि मंडळीने त्यांना चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांत घेतलं. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायच्या, प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि प्याला घेऊन बाकाबाकावरून फिरण्याचा मान त्यांचा होता. देव एकच? व्हय. पुत्र हा खरा देव? व्हय. उत्तरं औषधाच्या पुड्या बांधाव्यात तशी झटझट येत होती. शेवटचा प्रश्न होता, 'प्रार्थना करताना तिघांपैकी कोणाला हाक मारता? का?'

शांतवन थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"पित्याला," ते म्हणाले. "त्यात का काय असतंय? बाप हाय तो."

सुवार्ताने तसंच टाइप केलं.

पुढच्या रविवारी मनोरमा सिस्टर आल्या. त्याही कोडोलीच्याच, आयुष्यभर नर्स. आता चर्चच्या आवारातल्या एका खोलीत राहायच्या आणि त्या खोलीच्या बदल्यात संडे स्कूल चालवायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा राधानगरी रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून वारला होता. त्यांनी सुवार्ताची मदत घेतली नाही. एका बोटाने, इंग्रजी अक्षरं शोधत शोधत त्यांनी सगळं स्वतः लिहिलं. शेवटी पाठवायचं कुठे ते विचारायला त्यांनी हाक मारली, तेव्हा सुवार्ताला पडद्यावरच्या ओळी दिसल्या.

'पोर गेल्यापासून पित्याला हाक मारवत नाही. त्याने स्वतःचा पुत्र दिला. मला देणं जमलं नाही, माझ्याकडून काढून घेतला.'

"चालतंय न्हवं असं लिवलं तर?" त्यांनी विचारलं.

"चालतंय, सिस्टर," सुवार्ता म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

सेमिनरीची एक अट होती. विद्यार्थ्याने पाहणीचा पहिला अहवाल आपल्या चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, दाखवायचा आणि त्यांची सही आणायची. सुवार्ताने निवडक उत्तरांसकट, अर्थातच नावांशिवाय, तो पाळकसाहेबांना नेऊन दिला. कोणतं उत्तर कोणत्या गावाहून आलं, तेही तिने सरळ मनाने लिहिलं होतं. ती चूक तिला आठवड्याने कळली. उपासनेनंतर तिला पंचांच्या बैठकीत बोलावणं आलं.

टेबलाभोवती पंच बसले होते, त्यांत शांतवनही. अहवाल सेक्रेटरी आकाराम भोरे यांच्या हातात होता. आकाराम बांधकामाची कामं घ्यायचे. चर्चचं छप्पर त्यांनी पदरमोड करून घातलं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे सहसा कोणी बोलत नसे. त्यांनी मनोरमा सिस्टरांच्या ओळी मोठ्याने वाचल्या.

"हे कोल्लापुरातनं आलंय. म्हंजे आपल्यातलंच कोणतरी हाय," ते म्हणाले. "नाव सांग. बाकी कायबी नको."

"नाव विचारणार नाही असं लिहून दिलंय, काका."

"ते जगाला. आमी मंडळीचं पंच हाय."

सुवार्ताने मान हलवली. पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. कोणाला शिक्षा करायची नाही, फक्त त्या जीवाला सांभाळायचं आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसरे एक पंच म्हणाले की मग सही देता येणार नाही आणि सेमिनरीलाही तसं कळवावं लागेल. तीन वर्षं पगारातून फी भरून, कॅफेतून घरी गेल्यावर अभ्यास करून तिने ही पदविका इथवर आणली होती. कोडोलीच्या शाळेत धर्मशिक्षिकेची जागा तिच्यासाठी जवळजवळ ठरली होती. तिने वडिलांकडे पाहिलं. ते टेबलाची कड अंगठ्याने दाबत खाली बघत होते.

"तू नगं सांगूस," आकाराम शांतपणे म्हणाले. "पोर गेलेली माणसं मंडळीत किती हायत? मनोरमाबाईला बोलवू. तिचं तिलाच विचारू. लेकरांस्नी शिकवणाऱ्या बाईचं मन असलं आसंल, तर संडे स्कूल दुसऱ्याकडं द्यावं लागंल. मग खोलीबी."

कोणीतरी बोलावायला उठलंसुद्धा. बाहेर आवारात सिस्टर मुलांना रांगेत बसवून गाणं शिकवत होत्या. आवाज आत ऐकू येत होता. खोटं बोलावं, असं सुवार्ताच्या मनात आलं. मंडळीबाहेरच्या कोणाचं तरी नाव घ्यावं. पण जीभ उचलेना.

"ऱ्हाऊ द्या," शांतवन म्हणाले. ते उभे राहिले होते. "ते उत्तर माझं हाय."

आकारामांनी चष्मा काढला. "शांतवनराव, पोरीपायी उगं अंगावर घेऊ नगासा."

"पोर माझंबी गेलंय, आकाराम. तू खांदा दिलतास."

सुवार्ताचा थोरला भाऊ अमोस कॉलेजात असताना वारणेत बुडाला होता. आकाराम आणि शांतवन यांनीच त्याला काठावरून उचलून आणलं होतं.

"म्हणजे तुम्ही पित्याची प्रार्थना करत नाही?" पाळकसाहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"ओठानं करतो."

मग त्यांनी स्वतःच सांगितलं की असल्या माणसाने भाकर आणि प्याला वाटणं बरं नव्हे, दुसऱ्याला नेमा. पाळकसाहेबांनी अहवाल स्वतःकडे ओढला, सही केली आणि तो सुवार्ताच्या पुढे सरकवला. मनोरमा सिस्टरांना बोलवायला उठलेला पंच पुन्हा खाली बसला.

घरी जाताना दोघं चालतच निघाले. रविवार असल्याने शाहूपुरीतली दुकानं बंद होती.

"खोटं बोललात, बाबा. माझ्यासाठी," ती म्हणाली. "तुमचं उत्तर मी माझ्या हाताने टाइप केलंय. पित्याला हाक मारतो म्हणालात."

शांतवन एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबले.

"तवा तू शेजारी बसलीवतीस," ते म्हणाले. "अमोस गेल्यावर तुझी आई हबकली ती हबकलीच. आपल्या घरात तुला देवाचं नाव शिकवणारा मी एकटा उरलो. लेकीच्या म्होरं ते तोंडातनं कसं निघायचं?"

सुवार्ता त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आकारामानं ते वाचलं तवा वाटलं, माझंच कुणीतरी लिवलंय. मला नव्हतं लिवाय आलं." ते पुन्हा चालू लागले. "कुणी लिवलं त्ये सांगू नगंस मला. कवाच सांगू नगंस."

दुसऱ्या दिवशी कॅफेत गिऱ्हाईक कमी झाल्यावर सुवार्ताने वडिलांचं उत्तर पाहणीतून काढून टाकलं. अहवालाच्या शेवटी तिने एक वाक्य जोडलं: एक उत्तर बाद केले आहे, कारण उत्तर देताना विचारणारी व्यक्ती फार जवळ बसली होती. पुण्याच्या प्राध्यापकांनी त्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढून अहवाल परत पाठवला. तिने काही खुलासा केला नाही. पदविका मिळाली.

बैठकीतली गोष्ट दोन दिवसांत मंडळीभर झाली होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, अशी तिथली जुनी रीत. शांतवन इस्त्रीचा सदरा घालून आले आणि पुढे न जाता उजवीकडच्या शेवटच्या बाकावर बसले. त्या बाकावर दुसरं कोणी गेलं नाही. सुवार्ता बायकांच्या बाजूने मागे वळून बघत होती.

पहिलं गीत सुरू झाल्यावर मनोरमा सिस्टर आल्या. त्यांनी संडे स्कूलची मुलं पुढच्या सतरंजीवर बसवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मधल्या वाटेने मागे चालत गेल्या. बायकांच्या बाकांपाशी त्या थांबल्या नाहीत. पुरुषांच्या बाजूला, शेवटच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. एकदोन माना वळल्या. शांतवनांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांनीही शांतवनांकडे पाहिलं नाही.

भाकर वाटून झाल्यावर आकाराम भोरे प्याला घेऊन त्या बाकाशी आले. शांतवनांनी दोन्ही हातांनी तो घेतला, ओठाला लावला आणि सिस्टरांकडे धरला. तो घ्यायला त्यांना वाकून हात लांब करावा लागला, कारण दोघांच्या मध्ये एका माणसाएवढी जागा रिकामी होती.