हरकत क्रमांक एक्केचाळीस

सुनावणी अकराची. मोठी आई आणि तिची धाकटी सून दोन बस बदलून, फुटपाथ नसलेल्या हमरस्त्याच्या कडेने धूळ खात, पावणेबाराला नगररचना कार्यालयात पोचल्या. दारात गाड्या लावायला मैदानाएवढी जागा.

"चालत जाता येईल अशी घरं बांधायची की नाही, हे विचारायला बोलावलं कुठं, तर चालत येता येत नाही तिथं," मोठी आई म्हणाली. "अक्कल गहाण टाकलीय मेल्यांनी."

"आई, हळू. आत ऐकू जातंय."

"जाऊ दे. त्यांच्यासाठीच बोलतेय."

प्रस्ताव साधा होता. स्टेशनासमोरच्या पार्किंगच्या जागी सहा मजले. खाली दुकानं, वर लहान घरं. मोठ्या आईचं शिवणाचं दुकान तिथल्याच गल्लीत, पण ती राहायची शहराबाहेर मुलाकडे. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. गुडघे बोलायला लागले होते. वर घर मिळालं तर दुकान राहणार, नाहीतर वर्षाअखेर कुलूप.

तिने दारातल्या कारकुनाला नाव सांगितलं, त्याने ते रजिस्टरात लिहिलं, आणि ती आत जाऊन बसली. एक बंगलेवाले उभे राहून सांगत होते, इमारतीच्या सावलीने त्यांचे गुलाब मरतील.

"कुंड्या हलवा की दोन हात," मोठी आई बसल्या जागेवरून म्हणाली. "मी गुडघे कुठं हलवू?"

दोघं-तिघं हसले. सुनावणी घेणारे साहेब हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर मागवलं, बोटाने मोजलं आणि वाचून दाखवलं, "हरकती एक्केचाळीस. चाळीसच्या वर गेल्या की प्रस्ताव फेरविचाराला परत जातो. तसा हा जाईल."

सुनेने वाकून पान पाहिलं. एक्केचाळिसावं नाव सासूचं होतं.

"अरे, मी हो म्हणायला आले होते," मोठी आई कारकुनावर धावली.

"आजी, रकाना एकच आहे, हरकतीचा. हो म्हणायला कुणी येतच नाही इथं."

"येतील कसे? बस तासाला एक. खोड माझं नाव."

"शाईचं खोडता येत नाही. सोमवारी अर्ज घेऊन या. स्वतः."

"चुकीची शिवण मी रोज उसवते. तुझी एक ओळ उसवत नाही?"

तो टेबल आवरायला लागला.

बाहेर आल्या तर बस नुकतीच गेलेली. बंगलेवाल्यांनी गाडी थांबवली. "या आजी, स्टेशनलाच चाललोय. शेवटी तुमच्याच नावाने काम झालं."

मोठ्या आईला वाटलं, बसूच नये. पण दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक ताटकळलं असणार. ती दात आवळून मागे बसली, सून शेजारी.

स्टेशनासमोर त्यांनी पार्किंगला एक फेरा मारला. मग दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला त्यांनी स्टेअरिंगवर हात आपटला. "बघा, कुठं जागाच नाही."

"जागा ढीगभर आहे," मोठी आई म्हणाली. "तिच्यावर तुम्ही गाड्या उभ्या केल्यात. थांबवा, उतरते."

दुकान बंद, पायरी रिकामी. गिऱ्हाईक वाट पाहून गेलं होतं. तिने कुलूप काढलं, मशीनवरची धूळ पदराने पुसली.

"सोमवारी पहिली बस कितीची गं?" तिने सुनेला विचारलं.