ताटाखालचं फडकं

"वहिनी, एक फडकं द्या. ओलं करून," चिंतामणीकाका म्हणाले.

आईच्या हातातली वरणाची पळी थांबली. तिने फडकं भिजवून दिलं. काकांनी ते ताटाखाली पसरलं, ताट सरकवून पाहिलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण घोडपदेवच्या चाळीत जमिनीवर बसलोय.

"सवय हो," ते ओशाळले. "बोट हलायला लागली की कोरड्या टेबलावरून ताट पळतं."

बाबाही घरी आले की हेच करत. "घोडपदेव कुठे हलतंय?" म्हणून मी चिडवायची. "तुला कळत नाही, हलतंय," ते म्हणायचे.

फिजीच्या बेटांमधून माल आणि माणसं नेणाऱ्या एका जुन्या बोटीवर बाबा आणि काका दोघे खलाशी होते. गेल्या शिमग्यानंतर वादळात बाबा समुद्रात पडले. सापडले नाहीत. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून त्याचं दहन करावं लागेल. आईने घरात तो विषय काढू दिला नाही. कुंकू लावत राहिली. माझ्या शाळेतल्या नकाशात तिने ती बेटं पाहिली होती. इतकी जवळजवळ, की माणूस कुठल्या तरी एकाला लागणारच. नकाशातलं बोटभर अंतर म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मी नकाशा मिटून ठेवला.

"भावजी, बेट किती लांब होतं?"

काकांनी घास खाली ठेवला. "दिसत होतं. माडसुद्धा दिसत होते."

"मग?"

"बेटाभोवती पाण्याखाली खडक असतो, वहिनी. लाटा त्याच्यावर फुटतात. त्या वाऱ्यात तिकडे जाणारा आत पोचत नाही."

"हे हर्णैचे. चालायच्या आधी पोहायला शिकलेले."

"पोहला ना दौलत. मी बघितलं." काका ताटाकडे बघत होते. "डेकवर बायकापोरं बसलेली आणि डिझेलची पिंपं सुटलेली. दौलत दोर आवळायला गेला. लाटेनं उचलला. पाण्यातून त्यानं हात वर केला. या म्हणत होता की जा म्हणत होता, मला अजून कळत नाही. अंधार पडेस्तोवर फिरलो आम्ही."

आईने भाताचं पातेलं पुढे ओढलं. "भात वाढू?"

"थोडा."

ते जेवले. ताट जागचं हललं नाही.

काका गेल्यावर आईने ताट उचललं, फडकं तसंच राहू दिलं आणि त्याच्याशेजारी बसली. फरशीवरची ओल वाळली, तेव्हा ती म्हणाली, "इरा, भटजींना फोन कर."

भोईवाड्याच्या स्मशानात त्या दिवशी वारा होता. पुतळा इतका हलका, की लाकडांवर सरकत होता. भटजी वर एक ओंडका ठेवायला गेले. आईने त्यांना थांबवलं, पिशवीतून ते फडकं काढलं, नळाखाली भिजवलं आणि पुतळ्याखाली नीट पसरलं.

"अहो, ओलं आहे ते. पेटायला वेळ लागेल."

"लागू दे," आई म्हणाली.