फुकटची सुई

प्यो मालसुनला राग यायला फारसं काही लागत नसे, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण आजच्या रागाला कारण होतं, आणि ते तिच्या खालच्या ओठाच्या डाव्या अर्ध्या भागात होतं. तो भाग तोंडावर आहे की गळून पडलाय, हेच तिला कळत नव्हतं.

कोरियातल्या जोंजू शहरात, बसस्टँडसमोर, तिसऱ्या मजल्यावर तो दातांचा दवाखाना. सकाळी दहाला डॉक्टर ब्योननी तिच्या डाव्या खालच्या दाढेच्या जागी, नव्या दातासाठी, जबड्यात स्क्रू बसवला. पंचवीस मिनिटांत. "झालं बरं का आई," म्हणाले, हातमोजे काढले आणि पुढच्या खुर्चीकडे वळले. सहा खुर्च्या, सहा उघडी तोंडं. भातलावणीतली माणसंसुद्धा मधे कंबर सरळ करतात, पण या माणसाला तेवढीही उसंत नाही.

मालसुन गावच्या ढोलपथकात सनई वाजवायची. चाळीस वर्षं झाली. पथकात ढोल बडवणारे चौदा, पण सनई एकच. तीन वर्षांपूर्वी उजवी दाढ काढली तेव्हा भूल उतरायच्या आत ती गरम रश्शाभाताला बसली, आणि भाताबरोबर स्वतःचा ओठही चावून काढला. वाटीतला रस्सा लाल झाला तेव्हा कुठे कळलं. सहा आठवडे सनई पेटीत पडून राहिली. तेव्हाच तिनं कानाला खडा लावला होता.

म्हणून या खेपेला तिनं नामगुंगबाईंना आधीच दम भरला होता. नामगुंगबाई म्हणजे या दवाखान्याच्या कारभारीण. डॉक्टर फक्त भोक पाडणार; तारीख, भाव, गोड बोलणं, सगळं बाईंकडे.

"माझा ओठ म्हणजे माझं पोट आहे," मालसुन म्हणाली होती. "तो परत चावला गेला तर तुमच्या दारात बसून बोंब मारीन."

"असं कसं होईल, आई! भूल लवकर उतरवणारी सुई आहे ना आमच्याकडे. तासाभरात तोंड जाग्यावर. आणि तुम्हाला ती सर्व्हिसमध्ये!"

सर्व्हिस म्हणजे गिऱ्हाइकाला खुशीनं वर घातलेलं. नूडल्सवर चार मोमो, पेअरच्या पेटीवर दोन फळं. बाजारात मूठभर कांद्याची पात फुकट घेतल्याशिवाय पिशवी न उचलणारी मालसुन खूश झाली. फुकट ते पौष्टिक. स्क्रू बसल्यावर पावणेअकराला ती सुई टोचली गेली.

ती दवाखान्यातच बाकावर बसून राहिली. साडेअकराला जीभ जागी झाली. बाराच्या आत गाल. टाके ठणकायला लागले, तेही तिनं गुमान सोसलं. पण पाऊण वाजला तरी डावा ओठ आणि त्याखालची हनुवटी मेल्यासारखीच.

तिनं पर्समधून सनईची पत्ती काढली. हल्ली सगळे सनईवाले कापतात तशी, दह्याच्या पेयाच्या नळीतून कापलेली. फुंकायचं नव्हतं, टाके होते. तिनं नुसती ओठांत धरली. उजवीकडे तिची धार लागली. डावीकडे काहीच नाही. मग पत्तीला गुंडाळलेल्या तारेचं टोक हनुवटीवर दाबलं. आरशात खळगा दिसला, तो खळगा दुसऱ्या कुणाच्या तरी हनुवटीला पडला असावा तसा.

ती तडक काउंटरवर गेली. "बाई, हा ओठ अजून मेलेलाच आहे."

"भूल आहे ती, आई. संध्याकाळपर्यंत जाईल," नामगुंगबाई मान वर न करता म्हणाल्या.

"तू तर म्हणालीस तासाभरात."

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, आई."

"जीभ काय शेजारणीची आहे? जिभेची भूल उतरली, गालाची उतरली, आणि ओठाचीच तेवढी प्रकृती वेगळी? उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि मी तुझी आई नाही. तुझी आई असते तर तू अशी मान खाली घालून बोलली नसतीस."

बसलेली माणसं मोबाइलमध्ये तोंडं खुपसून बसली. कुणी चढ्या आवाजात बोललं की इथं ऐकणाऱ्यालाच लाज वाटते. गप्प राहण्याला चांगलं वळण म्हणायचं, ही रीत. मालसुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण या चांगल्या वळणानं काय होतं ते ती रोज बघत होती.

पथकातला बोंगछिल, मोठ्या ढोलाचा. सात वर्षांपूर्वी असाच स्क्रू, असाच बधिर ओठ. त्याचे डॉक्टर म्हणाले, नस आहे, हळूहळू येईल, थांबा. दर महिन्याला विचारायचे, "आलं का जरा?" आणि हा बापडा, एवढ्या मोठ्या डॉक्टरचा मान राखायचा म्हणून कमरेत वाकून म्हणायचा, "हो हो, बरंच आलं, तुम्ही फार कष्ट घेतलेत." काही आलं नव्हतं. आज तो जेवतो तेव्हा हनुवटीवरून रस्सा ओघळतो आणि त्याला पत्ता नसतो. बायको चारचौघांत पुसते. बोंगछिलला ढोल तरी बडवता येतो. मालसुन काय बडवणार?

एक वाजला. जेवणाची सुट्टी. बाहेरच्या खोलीतले दिवे मालवले गेले, माणसं उठून गेली. मालसुन अंधारात उभी राहिली आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकलून आत शिरली.

डॉक्टर ब्योन काळ्या सॉसच्या नूडल्स ओढत होते.

"जबड्याचा फोटो काढा," ती म्हणाली.

"आई, जेवणाच्या वेळी..."

"तुमच्या नूडल्स फुगतील, माझी नस मरेल. कशाची घाई जास्त?"

"नसेला वेळ लागतो. गोळ्या देतो, तीन महिने बघू..."

"तीन महिने!" तिनं पत्ती टेबलावर आपटली. "तीन महिन्यांनी म्हणाल सहा, सहानं म्हणाल वय झालं. आमच्या पथकातल्या बोंगछिलच्या तोंडाला अशीच पानं पुसली. मी नाही वाकणार, डॉक्टर. मी इथंच बसते, आणि तुमचे दोनचे पेशंट आले की एकेकाला दाखवते, डावा ओठ कुठला आणि उजवा कुठला."

फोटो काढला गेला.

पडद्यावर जबडा राखाडी दिसत होता, स्क्रू पांढराशुभ्र. खालून नसेचा एक काळपट बोगदा जात होता. मालसुनला काही शिकवायची गरज पडली नाही. स्क्रूचं टोक बोगद्याच्या छताला भिडलं होतं.

डॉक्टरांनी दातांमधून हवा आत ओढली. "थोडा... जवळ आहे."

"जवळ? माझी जाऊ माझ्या घराजवळ राहते, त्याला जवळ म्हणतात. हा तर घरात घुसलाय!"

दारात नामगुंगबाई येऊन उभ्या होत्या. या वेळी मान वर होती.

डॉक्टरांनी पडद्यावर स्क्रूच्या टोकापाशी बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "ती सुई दिली नसती, तर मी भूलच समजलो असतो. तुम्हीही घरी गेला असता. उद्या, परवा... उशीर झाला असता." ते उठले आणि कमरेतून वाकले. "चूक माझी आहे. आत्ता काढतो."

वाकलेल्या त्या डोक्याकडे बघून मालसुनचा राग कमी झाला नाही. फुकटात मिळालेल्या सुईवर आपला ओठ तगून होता, याचाच तिला जास्त संताप आला. बाई त्या दिवशी खुशीत नसत्या तर?

खुर्ची मागे झुकली. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन उचललं.

तिनं त्यांचं मनगट धरलं. "सुई नको."

"आई, अहो, दुखेल खूप."

"दुखू दे. परत बधिर केलंत तर ओठ आला की नाही, हे कळायचं कुणाला? तुम्हाला? तुमच्यावर मी आता कणभरसुद्धा विश्वास ठेवत नाही."

मग टाके उसवले गेले. मालसुननं खुर्चीचे हात आवळले आणि मनात बोंगछिलला शिव्या घातल्या, सात वर्षांच्या सगळ्या. चावी स्क्रूला लागली. पहिला उलटा फेरा, डोळ्यांतून पाणी. दुसरा, तिची टाच खुर्चीवर आपटली. नामगुंगबाईंनी न बोलावता येऊन तिचा हात धरला. मालसुननं तो असा दाबला की बाईच कळवळल्या. चौथ्या फेऱ्याला स्क्रू सुटला आणि ताटलीत टण्णकन पडला.

ती धापा टाकत पडून राहिली. तोंड उघडंच होतं, आणि लाळरक्ताचा एक ओघळ डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर उतरला. नामगुंगबाई कागदी रुमाल घेऊन पुढे झाल्या.

"हात लावू नकोस!" मालसुन ओरडली.

बाई दचकून थांबल्या. मालसुन डोळे मिटून, श्वास रोखून पडली होती. हनुवटीवरून मुंगी चालावी तशी एक बारीकशी, कोमट रेघ खाली सरकत होती. सगळी नाही, मधे मधे तुटत होती. पण सरकत होती.

तिनं स्वतःच हात उचलला आणि ओघळ बरोबर त्या जागी पुसला.